कॅन्सरचे निदान आणि मनाची घबराट

मागील महिन्यात एक आजोबा आमच्या कार्यालयात आले. नातू आपल्याच शाळेत सातवीला. म्हणाले, "याच्या आईला डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आहे. मुलाला काही कळू देऊ नका." उठता उठता त्यांनी विचारले, "सून फार खचली आहे. मन खचले की हा आजार वाढतो म्हणतात, खरे का हो?" त्या वेळी आम्ही 'सगळे ठीक होईल' म्हणून वेळ मारून नेली. नंतर मात्र चैन पडेना. मग पालकांपैकीच एका डॉक्टरांकडे जाऊन बसलो, थोडे वाचले. जे समजले ते येथे मांडत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, एखादा शब्द इकडेतिकडे झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

निदान ऐकून झोप उडणे, भूक मरणे, सारखे रडू येणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या बाईंनी १९७७ पासून कॅन्सर रुग्णांच्या मनाच्या त्रासाकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहिले. आता अनेक ठिकाणी रुग्णाला तापमापकाचे चित्र दाखवून विचारतात की शून्य ते दहा यांत तुमचा त्रास किती? चार किंवा त्याहून जास्त आकडा आला, की अधिक चौकशी करतात. ताप मोजतो तसे हे मोजणे.

आता आजोबांचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरच्या ८८ रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध शस्त्रक्रियेपूर्वी दिले होते. उपचारापूर्वी ज्यांच्या मनाला फार त्रास होता, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांना औषधाचा चांगला गुण आला. इतरांमध्ये हे प्रमाण ६५ टक्के होते. ताणामुळे शरीरात वाढणारे कॉर्टिसोल प्रतिकारशक्तीला दाबते, म्हणून हे अगदीच अशक्य वाटत नाही. परंतु त्रास असलेले रुग्ण अवघे २८ होते. एवढ्यावरून मनानेच गुण अडवला असे ठरत नाही.

याच्या उलट बाजूही आहे. १९८९ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी दाखवले की, स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्याला गटात बसून मन मोकळे करीत, त्या सरासरी दुपटीच्या जवळपास जगल्या. जगभर आशा वाढली. पण २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढले नाही, आणि २००७ मध्ये स्वतः स्पीगल यांनी पुन्हा पाहिले तेव्हाही एकूण फरक दिसला नाही. कॅनडातल्या स्त्रियांचे मन मात्र हलके झाले, वेदना कमी जाणवल्या. तेव्हा 'तू हिंमत धरली नाहीस म्हणून वाढला' असे रुग्णाला म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि खरे सांगायचे तर क्रूरपणाचे आहे.

मन आपला परिणाम करते ते बहुधा साध्या वाटेने. २००० साली निरनिराळ्या आजारांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खोल उदासी असलेल्या रुग्णांत औषधोपचार नीट न पाळण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. तारीख चुकते, गोळी राहते, जेवण जात नाही, "आता काय उपयोग" म्हणून पुढचा केमो टळतो. येथे घरच्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. तारखेला सोबत जावे, झोप व भूक यांविषयी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, गरज वाटल्यास मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावे. आपल्याकडे त्यांच्याकडे जायचे म्हटले की शेजारी काय म्हणतील हीच चिंता आधी.

आजोबांना हे सर्व आम्ही घरी जाऊन सांगितले. सून शेजारच्या खोलीतून ऐकत होती, तीही येऊन बसली. नातवाला तर पहिल्याच दिवशी कळले होते. फाईलवरचे रुग्णालयाचे नाव त्याने वाचले होते, आणि आईला त्रास नको म्हणून तोही गप्प होता.

ज्या घरी असा आजार आहे, त्या पालकांनी वर्गशिक्षकांना जरूर कळवावे. गोष्ट शाळेबाहेर जाणार नाही. चाचणी बुडाल्यास पुन्हा घेऊ. फीच्या मुदतीबाबत विश्वस्तांशी आम्ही स्वतः बोलू.