शिंपल्याची झळाळी आणि मोत्याची पारख

उन्हाळ्यात पूर्णा, काटेपूर्णा, वर्धा या नद्यांचे पाणी ओसरले की गाळात शिंपले उघडे पडतात. बाहेरून काळपट, ओबडधोबड. आतून मात्र मोत्यासारखी झळाळी. ही झळाळी कशाची, हे कळले तर निकाहाच्या खरेदीतही उपयोगी पडते, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. बोअरच्या जड पाण्याने किटलीत बसणारा पांढरा थर आणि संगमरवर हेही त्याचेच. कोकणात तर शिंपले भाजून चुना करत. पदार्थ एकच, फरक आहे तो स्फटिकांच्या आकाराचा आणि मांडणीचा. संगमरवरात कॅल्साइट नावाचे स्फटिक असतात; आपल्या नद्यांतल्या शिंपल्यात अ‍ॅरागोनाइट असते.

शिंपल्यावर सर्वांत बाहेर एक पातळ साल असते. तिच्याखाली खांबांसारखे उभे स्फटिक दाटीने बसलेले असतात. त्याच्या आत चपट्या फरश्यांसारखे स्फटिक थरावर थर रचलेले असतात. एका मिलिमीटर जाडीत साधारण २००० थर. दोन थरांमध्ये, विटांच्या जोडाईत गारा असावा तसा, प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे तडा सरळ आरपार जात नाही, फरश्यांच्या कडेने वळत राहतो आणि शिंपला सहज फुटत नाही. थर इतके पातळ असल्यामुळे त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात.

मोती म्हणजे याच फरश्यांचा गोल थर. सूरह रहमानमध्ये मोत्याचा उल्लेख आहे, आणि अल-बिरुनीने सुमारे हजार वर्षांपूर्वी रत्नांवरील ग्रंथात मोत्यांविषयी सविस्तर लिहिले.

आता खरेदीचे. मोती दातावर हलकेच घासून पाहा. खरा मोती, मग तो नैसर्गिक असो वा शेतीतला, फरश्यांच्या कडांमुळे किंचित खरखरीत लागतो. काचेचा किंवा प्लास्टिकचा बहुधा गुळगुळीत लागतो. नैसर्गिक आणि शेतीतला मोती यांतला फरक मात्र या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला मागावा. घामाने आणि आंबट पदार्थांनी मोत्याची चमक जाते. म्हणून अत्तर, सेंट लावून झाल्यावरच मोती घाला, आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवा.

मुलांना एक प्रयोग दाखवा. रिकाम्या शिंपल्याच्या आतल्या बाजूवर लिंबाचे थेंब टाका. बुडबुडे येतील, स्फटिक विरघळताना निघणारा तो कार्बन डायऑक्साइड वायू.

जिवंत शिंपला मात्र पाण्यातच राहू द्या. तो पाणी गाळून स्वच्छ करतो. त्याची पिल्ले सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. नदीतले मासे संपले, तर शिंपलेही संपतील.