उलटे आकडे असलेली पट्टी आणि अलिबागचा बिनशटरचा कॅमेरा

मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेल्या पितळी दुर्बिणी मांडव्याच्या बोटीने येतात आणि किहीम-आवासच्या वीकएंडच्या घरांमध्ये खिडकीशी उभ्या राहतात. त्यातल्या बऱ्याचशा अलीकडे बनवलेल्या असतात, वर लंडनच्या जुन्या कंपनीचं नाव कोरलेलं. पण जुन्या उपकरणांच्या बाजारात एक प्रकार असा आहे, की तो हातात आला तर जाणकार संग्राहकही गोंधळतो. तीन पायांच्या जड बैठकीवर छोटी दुर्बीण, तिला जोडलेली आडवी पट्टी, आणि पट्टीवरचे आकडे चक्क उलटे, आरशात दिसतात तसे. ही दुर्बीण समुद्रातलं जहाज बघण्यासाठी नाहीच. ती खोलीतल्या खोलीत, एक-दोन मीटरवरच्या नखाएवढ्या आरशाकडे बघण्यासाठी आहे. या आरशात स्वतःच्याच पट्टीचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून आकडे उलटे.

या जोडगोळीचं एक घर किहीमपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे: अलिबागची चुंबकीय वेधशाळा. जुनी प्रकाशीय उपकरणं जमवणाऱ्यांनी तिचा इतिहास वाचावाच. पितळ आणि काच यांच्यापेक्षा त्यांच्यामधलं अंतर कधी कधी जास्त मोलाचं असतं, हे तिथे नीट कळतं.

आरसा नेमकं काय करतो?

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभर थोडं थोडं बदलत असतं. बारीक दोऱ्याला आडवा टांगलेला चुंबक या बदलाबरोबर किंचित फिरतो. हे फिरणं इतकं कमी असतं, की नुसत्या डोळ्यांनी ते दिसणारच नाही. मग चुंबकाला एक आरसा चिकटवायचा. चुंबक एका कोनातून फिरला, की परावर्तित किरण दुप्पट कोनातून फिरतो. शिवाय आरशापासून पट्टी जितकी लांब, तितका तो किरण पट्टीवर जास्त सरकतो. म्हणजे ही प्रकाशाची तरफ झाली. लाकडी तरफेला वजन असतं, घर्षण असतं. किरणाला दोन्ही नाही.

आता थोडा हिशोब. आरसा आणि पट्टी यांच्यात सुमारे १.७२ मीटर अंतर ठेवलं, तर पट्टीवरचा १ मिलिमीटर म्हणजे चुंबकाचं बरोबर १ मिनिट फिरणं, म्हणजे अंशाचा साठावा भाग. अलिबागला क्षेत्राचा आडवा भाग साधारण ३८,००० नॅनोटेस्ला आहे (नॅनोटेस्ला हे क्षेत्र मोजायचं एकक). त्यावरून, पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे ११ नॅनोटेस्लाचा बदल झाला की पट्टीवर १ मिलिमीटर दिसतो. हे १.७२ उपकरणावर कुठेही कोरलेलं नसतं. दुर्बिणीत नाही, आरशात नाही. ते असतं खोलीत, दोन खांबांच्या मध्ये, आणि कुणीतरी लिहून ठेवलं असेल तर वहीत.

कुलाब्याचा आकडा

अलिबागच्या आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. ती वेधशाळा १८२६ सालची. चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या. उपकरणं डब्लिनच्या थॉमस ग्रबची. माणसं दुर्बिणीला डोळा लावून ठरावीक वेळाने पट्टीवरचा आकडा वाचायची आणि वहीत उतरवायची. क्षेत्रात गडबड दिसली, की लवकर लवकर वाचायची.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक झगझगीत स्फोट पाहिला. साडेसतरा तासांनी त्याचं वादळ पृथ्वीवर पोचलं आणि कुलाब्याच्या पट्टीवरचा आकडा कोसळला. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्षसिंग लाखिना आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या: आडवं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटलं होतं. तुलनेसाठी, मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास घालवली, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ होता. कुलाब्याची ती तीव्र घट नेमकी कुठल्या विद्युतप्रवाहांमुळे झाली, यावर अजून वाद आहे. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच खाली येतो, असंही दाखवलं गेलंय. पण वाद घालायला आकडा तरी आहे! आजची वीजवाहिन्यांची जाळी किती मोठ्या वादळाला तोंड देऊ शकेल, हे ठरवताना हा आकडा वापरला जातो.

आता समजा, त्या उपकरणाचं अंतर नोंदवायचं राहून गेलं असतं. खरं अंतर १.७२ मीटर, आणि आपण अंदाजाने १.५ धरलं, तर उत्तर जवळपास १५ टक्के चुकतं. १६०० चे १५ टक्के म्हणजे २४० नॅनोटेस्ला. एवढ्या घटीचं वादळ एरवी स्वतंत्रपणे मोठं वादळ म्हणून गणलं जातं. (आडवं क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणात टांगणीच्या दोऱ्यांचा पीळही हिशोबात धरावा लागतो. म्हणजे एक नव्हे, दोन-तीन आकडे जपायला लागतात.)

मग कॅमेरा आला

माणूस चोवीस तास डोळा लावून बसू शकत नाही. १८४०च्या दशकात चार्ल्स ब्रुकने ग्रिनिचसाठी छायाचित्रणाने आपोआप नोंद घेणारी उपकरणं बनवली. कुलाब्यात ही पद्धत १८७२ मध्ये आली. रचना सोपी आहे. अंधारी खोली, एक दिवा, त्यापुढे बारीक फट. फटीतून आलेला प्रकाश चुंबकाच्या आरशावर पडतो आणि परतून प्रकाशसंवेदी कागद गुंडाळलेल्या पिंपावर जातो. वाटेत एक दंडगोल भिंग त्या रेघेला दाबून ठिपका करतं. घड्याळाचं यंत्र पिंप सावकाश फिरवतं. पुढे रूढ झालेला एक वेग म्हणजे तासाला १५ मिलिमीटर. दिवसभराची एकच फ्रेम, एक्स्पोजर चोवीस तासांचं. दर तासाला प्रकाश क्षणभर अडवायचा, की वेळेची खूण उमटते.

मला यातला सर्वात हुशार भाग वाटतो तो दुसरा, स्थिर आरसा. तो चुंबकाला जोडलेलाच नसतो. त्याचा ठिपका कागदावर सरळ रेघ ओढत राहतो, तीच बेसलाइन. कागद धुताना ओला होतो, वाळताना आखडतो. कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका. पण नागमोडी रेघ बेसलाइनपासून मोजली, तर कागद पिंपावर थोडा तिरका बसला म्हणून मोजमाप बिघडत नाही; कागद किती आखडला तेही खुणांवरून काढता येतं.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या नोंदी धोक्यात आल्या. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकीय गुण नाही. १९०४ मध्ये काम सुरू झालं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुन्या उपकरणाचा आकडा नव्याच्या भाषेत कसा सांगायचा, हे त्या दोन वर्षांमुळे ठरवता आलं. म्हणून आज आपण कुलाबा-अलिबाग ही एकच लांब मालिका मानू शकतो. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सगळं उरकलं होतं.

तुमच्या हातात असं काही आलं तर

या यंत्रातली भिंगं साधी असतात. त्यावर लायका किंवा झाइसचं नाव नसतं. त्यामुळे बाजारात जोडी फुटते: दुर्बीण शोभेसाठी जाते, आरशाची पेटी भंगारात. हे टाळण्यासाठी काही गोष्टी सहज करता येतात.

सुटं करण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. भागांमधली अंतरं मिलिमीटरमध्ये लिहा. पितळ घासू नका. पॉलिशने बारीक कोरलेले क्रमांक आणि जुनं लॅकर दोन्ही जातं. पेटीच्या झाकणाच्या आतला कागद, मग तो कितीही मळका असो, फेकू नका. तपासणीचे आकडे बऱ्याचदा तिथेच असतात. चांदीचा मुलामा दिलेला आरसा काळा पडला असेल, तरी बोटाने पुसायचा नाही, कारण मुलामा समोरच्या बाजूला असेल तर तोच निघून येईल. पावसाळ्यात काच आणि भिंगं सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. दमट हवेत बुरशी धरते आणि तिच्यातून सुटणारी आम्लं काच कायमची कोरतात. पण खालची लाकडी पेटी फार कोरडी करू नका, ती तडकते.

आणि सोबत जुन्या फोटोंच्या कागदाची गुंडाळी मिळाली, ज्यावर एक सरळ आणि एक नागमोडी रेघ आहे, तर ती बिघडलेली फिल्म समजू नका. ती उलगडायचा प्रयत्नही घरी नको, जुना कागद मोडतो. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, अलिबागची वेधशाळा तीच चालवते. गुंडाळी आहे तशी त्यांना दाखवा, आणि यंत्र कुठून घेतलं, सोबत काय काय होतं, तेही लिहून द्या.