नमुना सदनिकेतले फर्निचर : विकत की भाड्याने?

इमारतीचा सांगाडा पुरता उभा राहण्याआधीच पुण्या-मुंबईकडे सॅम्पल फ्लॅट सजून तयार असतो. त्यातला सोफा, पलंग विकत घ्यावा की भाड्याने आणावा, हे मुख्यतः विक्री किती महिने चालणार यावर ठरते. समजा, सामान ६ लाखांना घेतले आणि शेवटी २ लाखांना विकले. खर्च ४ लाख. तेच दरमहा २५ हजारांनी आणले, तर सोळाव्या महिन्यात बरोबरी होते. पुढे भाडेच महाग. आणि ठरल्या वेळेत विक्री संपवणारे बिल्डर किती?

प्राप्तिकरात फर्निचरवरचा घसारा वर्षाला १० टक्के. भाडे मात्र त्याच वर्षी खर्ची पडते. जीएसटीची वजावट दोन्हीकडे नाही, कारण १ एप्रिल २०१९पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवरचा ५ किंवा १ टक्क्याचा दर वजावटीविनाच आहे.

भाड्याचे सामान नेहमीच्या मापाचे येते, ही खरी मेख. खोली मोठी भासवायची तर पलंग साडेपाच फुटी हवा, म्हणजे सुताराकडून करून घेणे आले. आणि तो पुढे घेणार कोण? म्हणून ग्राहकाने टेप घेऊनच जावे. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १२मध्ये नमुना सदनिकेचा स्पष्ट उल्लेख आहे : तिच्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास पूर्ण रक्कम व्याजासह परत मिळते.