फाइलचा शिरस्ता आणि एडिटरचे कर्तव्य

दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये दोन ओळींची दुरुस्ती करण्यासाठी फाइल उघडावी, दुरुस्ती करून ती परीक्षणासाठी पाठवावी, आणि परीक्षकाच्या पडद्यावर त्या दोन ओळींऐवजी सबंध फाइलच बदललेली दिसावी, हा अनुभव प्रोग्रामिंगच्या व्यवसायात नित्याचा आहे. त्या फाइलमधील एकही आज्ञा वास्तविक बदललेली नसते. बदललेली असते ती प्रत्येक ओळीच्या आरंभीची मोकळी जागा, म्हणजेच इंडेंटेशन. प्रोग्रामरच्या मनात तसा हेतू नसतो. सेव्ह करताना फॉरमॅट करण्याची सोय चालू असलेल्या त्याच्या एडिटरने स्वतःच्या सेटिंगचा हुकूम प्रमाण मानून हा फेरफार परस्पर केलेला असतो. आधीपासून लिहिलेल्या कोडमध्ये काम करताना एडिटरने आपल्या मालकाची आवड नव्हे, तर त्या फाइलचा शिरस्ता पाळला पाहिजे, हे तत्त्व सोपे आहे. परंतु त्याच्या भोवती जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांचा खुलासा होणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : इंडेंटेशन ही केवळ शोभेची बाब आहे.

वस्तुस्थिती : सी किंवा जावा यांसारख्या ज्या भाषांत महिरपी कंसांनी कोडचे गट ठरतात, तेथे ओळीच्या आरंभीची जागा संगणकाच्या दृष्टीने अर्थहीन आहे, हे खरे. परंतु पायथॉनमध्ये कोणती ओळ कोणत्या अटीच्या अधिकाराखाली येते याचा निर्णय इंडेंटेशनच करते; आणि ओळीचा अर्थ टॅबच्या रुंदीवर अवलंबून राहील अशा रीतीने टॅब व स्पेस यांचे मिश्रण झाले, तर पायथॉनची तिसरी आवृत्ती 'टॅबएरर' दाखवून तो प्रोग्राम चालवण्यासच नकार देते. यॅमल या प्रकारच्या फाइलमध्ये इंडेंटेशनसाठी टॅब सर्वथा निषिद्ध आहे. उलटपक्षी, स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये रचलेल्या 'मेक' या साधनाच्या मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी हा मामूल आजतागायत चालत आला आहे. तेथे टॅबच्या जागी आठ स्पेस पडल्या, तर डोळ्यांना तिळमात्र फरक न दिसता 'मिसिंग सेपरेटर' अशी तक्रार येऊन काम थांबते. यास्तव 'सर्वत्र स्पेसच' असे सरसकट फर्मान एडिटरला देणे धोक्याचे आहे. सेटिंग फाइलच्या प्रकारानुसार वेगळे असले पाहिजे.

गैरसमज २ : टॅब म्हणजे चार स्पेस.

वस्तुस्थिती : आस्की संकेतावलीत टॅबचा क्रमांक ९ आणि स्पेसचा ३२; ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. टॅबला स्वतःची अशी निश्चित रुंदी नाही. तो ओळीला पुढच्या नियत थांब्यापर्यंत नेतो, आणि ते थांबे किती अंतरावर आहेत हे पाहणाऱ्याचा एडिटर ठरवतो. विम या एडिटरचे उदाहरण घेतले तर हा भेद स्पष्ट होतो. त्यात 'टॅबस्टॉप' हे सेटिंग टॅब किती रुंद दिसावा हे सांगते, 'शिफ्टविड्थ' हे इंडेंटेशनची एक पायरी किती स्तंभांची हे ठरवते, आणि 'एक्सपांडटॅब' हे टॅबची कळ दाबल्यावर फाइलमध्ये टॅब जावा की स्पेस, याचा निकाल देते. आता टॅबस्टॉप ८, शिफ्टविड्थ ४ आणि एक्सपांडटॅब बंद, अशी योजना असली, म्हणजे पहिल्या पायरीला चार स्पेस लिहिल्या जातात आणि दुसऱ्या पायरीला एकच टॅब. हीच फाइल ज्याच्या एडिटरमध्ये टॅब चार स्तंभांचा आहे अशा सहकाऱ्याने उघडली, तर पहिली आणि दुसरी पायरी त्याला एकाच रेषेत दिसतात, आणि कोणता भाग कोणाच्या पोटात आहे हे कळण्याचा मार्गच खुंटतो. तिन्ही सेटिंगे परस्परांशी सुसंगत असावी लागतात, ती याच कारणाने.

गैरसमज ३ : टॅब व स्पेस यांपैकी एकच पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

वस्तुस्थिती : थोर प्रकल्पांचे रिवाज परस्परांहून भिन्न आहेत आणि प्रत्येकामागे विचार आहे. लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्स कर्नेलमध्ये आठ स्तंभांचा टॅब हा नियम आहे, कारण दीर्घकाळ पडद्याकडे पाहून थकलेल्या डोळ्यांनाही गटाचा आरंभ व अंत स्पष्ट दिसावा, आणि तीनहून अधिक पायऱ्या होऊ लागल्या की कोडची रचनाच सुधारण्याची सूचना मिळावी, अशी त्यामागील भूमिका आहे. पायथॉनचे जनक गिडो व्हान रॉसम व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली सिद्ध केलेली 'पेप ८' ही संहिता चार स्पेस सांगते. मात्र जो कोड आधीपासून टॅबने लिहिलेला आहे त्याच्याशी मेळ राखण्यासाठी टॅब वापरण्याची मुभाही तीच देते. गो भाषेचे 'गोफम्ट' हे साधन टॅबच घालते, तर ग्नू प्रकल्पाची सी भाषेची शैली दोन-दोन स्तंभांनी पुढे सरकते. आवडनिवड नव्या प्रकल्पाच्या मुहूर्तावर सांगावी. चालू प्रकल्पात एकवाक्यता हीच शुद्धता होय.

गैरसमज ४ : एडिटरमधील टॅबचा आकडा बदलला की फाइलचे इंडेंटेशन बदलते.

वस्तुस्थिती : त्या आकड्याने जुन्या ओळींतील एकही चिन्ह हलत नाही. फाइलमध्ये टॅब असतील तर ते रुंद वा अरुंद दिसू लागतात. स्पेस असतील तर जुन्या ओळींवर काहीच परिणाम दिसत नाही, मात्र नव्या ओळी वेगळ्या मापाने पडू लागतात. लिहिलेले इंडेंटेशन पालटण्याची आज्ञा निराळी असते : विममध्ये 'रीटॅब', ईमॅक्समध्ये 'अनटॅबिफाय' व 'टॅबिफाय'. पाहण्याचे सेटिंग आणि पालटण्याची आज्ञा यांत गल्लत करू नये.

गैरसमज ५ : आधुनिक एडिटर सर्व काही आपोआप ओळखतो, आपण लक्ष घालण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती : व्हीएस कोडमध्ये 'डिटेक्ट इंडेंटेशन' हे सेटिंग मुळातच चालू असते, फाइल उघडताना तिच्यातील ओळी तपासून एडिटर अनुमान बांधतो आणि ते अनुमान आपण घातलेल्या 'टॅब साइझ'च्या आकड्यावर मात करते. 'मी २ लिहिले तरी ४ च का येतात' या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच सापडते. परंतु अनुमान ते अनुमानच : नव्या, रिकाम्या फाइलमध्ये त्याला आधार नसतो, आणि टॅब-स्पेस मिसळलेल्या फाइलमध्ये ते चुकू शकते. पडद्याच्या तळाशी उजवीकडे 'स्पेसेस' किंवा 'टॅब साइझ' असे शब्द आकड्यासह दिसतात. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी तेथे दृष्टी टाकावी. त्याहून भक्कम तजवीज म्हणजे 'एडिटरकॉन्फिग'. प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये या नावाची, आरंभी टिंब असलेली, एक छोटी फाइल ठेवली आणि तीत इंडेंटेशनची शैली व माप फाइलच्या प्रकारानुसार नोंदवले, पायथॉनसाठी चार स्पेस आणि मेकफाइलसाठी टॅब याप्रमाणे, म्हणजे निरनिराळे एडिटर वापरणारे सारे सहकारी एकाच नियमाखाली येतात. काही एडिटरांत ही सोय अंगभूत आहे. व्हीएस कोडमध्ये तिच्यासाठी एक्स्टेन्शन घालावे लागते.

गैरसमज ६ : जुन्या कोडचे इंडेंटेशन जाता जाता नीट करून टाकणे हे उपकाराचे काम आहे.

वस्तुस्थिती : प्रकल्पाच्या इतिहासाचे दप्तर गिटमध्ये असते, आणि त्यातील फरक गिट ओळीओळीने दाखवतो. सर्व ओळींचे इंडेंटेशन एकाच फटक्यात बदलले, म्हणजे 'गिट ब्लेम' प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचे नाव न दाखवता इंडेंटेशन बदलणाऱ्याचे नाव दाखवू लागते, इतरांच्या चालू शाखांशी संघर्ष उद्भवतात, आणि खरी दुरुस्ती त्या गर्दीत लोपून जाते. मोकळ्या जागेतील फरक दुर्लक्षित करून बदल पाहण्याचा पर्याय गिटमध्ये आहे. परंतु पायथॉनमध्ये ओळ एक पायरी आत गेली की प्रोग्रामचा अर्थच पालटतो, आणि नेमका तोच फरक हा पर्याय लपवतो, हे परीक्षकाने विसरू नये. एकंदर इंडेंटेशन बदलणे अपरिहार्यच असेल, तर सर्वांच्या संमतीने, त्या एकाच कामाचा स्वतंत्र कमिट करावा. २०१९ साली आलेल्या गिट २.२३ पासून असे कमिट एका यादीत नोंदवून ब्लेममधून वगळण्याची सोय उपलब्ध आहे. तिचा अवश्य लाभ घ्यावा.

या साऱ्याचा आचारधर्म थोडक्यात सांगता येईल. परकी फाइल उघडताच अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय चालू करावी. विममध्ये 'लिस्ट' हे सेटिंग लावले की टॅब वेगळा ओळखू येतो, व्हीएस कोडमध्ये 'रेंडर व्हाइटस्पेस' लावले की टॅबच्या जागी बाण आणि स्पेसच्या जागी ठिपका दिसतो. फाइलमध्ये टॅब आहेत की स्पेस, आणि पायरी किती स्तंभांची, हे पाहून एडिटर त्याप्रमाणे लावावा, तोही त्या प्रकल्पापुरता. प्रकल्पात एडिटरकॉन्फिगची फाइल नसेल, तर ती घालण्याचा प्रस्ताव आपणच पुढे मांडावा. या कामाला काही मिनिटे लागतात. परंतु ती मिनिटे देणारा प्रोग्रामर आपल्या आधी राबून गेलेल्यांच्या श्रमाचा मान राखतो आणि आपल्या नंतर येणाऱ्यांचे कष्ट व वेळ वाचवतो. प्रत्येक प्रोग्रामरने ही सवय अंगी बाणवावी, अशी कळकळीची विनंती आहे.