साहेबाचं हृदय, शिपायाचं हृदय

‘डोक्याला ताण साहेबांना, म्हणून हार्ट अटॅकही साहेबांनाच,’ ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी कचेऱ्यांत ती कधीच खोटी ठरली. १९६७ साली तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू झाली आणि चित्र उलटंच निघालं. हृदयविकाराने मृत्यू येण्याचं प्रमाण शिपाई-दरवानांत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला, तरी बरीच तफावत उरलीच.

म्हणून १९८५ साली संशोधक मायकेल मार्मट यांनी दुसरा अभ्यास हाती घेतला. या वेळी १०,३०८ जण होते, त्यात स्त्रियाही होत्या. प्रश्न अगदी साधे: काम कसं करायचं यात तुमचं काही चालतं का? थोडी विश्रांती कधी घ्यायची, हे तुम्ही ठरवता का? ज्यांचं काहीच चालत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. आपल्या हाती काहीच नसल्याचा ताण रोजचाच झाला की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची लय बिघडते, रक्तदाब चढा राहतो.

म्हणूनच ऑफिसात महिन्यातून एकदा योगशिबिर भरवून भागत नाही, वरिष्ठांची वागणूकही बदलायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्या अभ्यासातल्याच पुरुष कर्मचाऱ्यांच्या पुढच्या पाहणीत, वरिष्ठ आपलं ऐकून घेतात, न्यायाने वागवतात, असं सांगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी असल्याचं दिसलं.