जाहिरात रुबाबाची आणि जाहिरात हिशेबाची

महागड्या मोटारीच्या जाहिरातीत किंमत सहसा नसते. असतो तो रुबाब. सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही, हे मर्सिडीजचे ब्रीद पाहा. मारुतीने मात्र 'कितना देती है?' असे विचारून मायलेजवर बोट ठेवले. बेताच्या मिळकतीच्या माणसाचा पहिला सवाल तोच असतो.

पण स्वस्ताईचा डांगोराही अंगाशी येतो. टाटांची नॅनो २००८ साली 'लाखाची गाडी' म्हणून गाजली. कारणे इतरही होती. परंतु 'सर्वात स्वस्त' हा शिक्का स्कूटर सोडून मोटार घेऊ पाहणाऱ्यांना नकोसा वाटला. रतन टाटांनीही हे पुढे मान्य केले. २०१८ पर्यंत उत्पादन जवळजवळ थांबले.

व्यापारी बंधूंनी लक्षात घ्यावे, गिऱ्हाइकाला बचत हवी असते, गरिबीचा दाखला नव्हे.