शतावरीच्या कुंडीत अ‍ॅस्परॅगस उगवत नाही

मिरा रोडच्या शांती नगरात गच्चीवर भाजी लावणाऱ्या कुणाहीपाशी अ‍ॅस्परॅगसचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं: “अहो, ती आपली शतावरीच की! नर्सरीतून आणा नि लावा.” हे इतक्यांदा ऐकलंय की आता शांतपणे समजावणं जड जातं. लोक खरोखर ते रोप आणतात, वर्षभर पाणी घालतात आणि जाडजूड कोंबांची वाट बघत बसतात.

शतावरी कल्प जिच्या मुळांपासून करतात ती अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस, सह्याद्रीच्या रानात आपसूक वाढणारी काटेरी वेल. मॉलमध्ये जुडीने मिळणारे कोंब अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिसचे. कूळ एक, जाती वेगळ्या. शतावरीचे कोवळे कोंबही रानभाजी म्हणून खातात, पण ते बारीक. तिचं खरं मोल मुळांत. पुष्पगुच्छात खोचतात ती पिसासारखी हिरवळ म्हणजे तिसरीच जात, सेटेसियस. तिची फळं तर तोंडातही घालू नयेत. नर्सरीत रोपाच्या जून दांड्यावरून बोट खालून वर फिरवा. आकडीसारखा काटा टोचला, तर ते रोप भाजीचं नाही. भाजीचा अ‍ॅस्परॅगस सरळ उभा वाढतो आणि त्याला असे काटे नसतात.

म्हणून बियाणं घ्यावं आणि पाकिटावर वाणाचं नाव असल्याशिवाय घेऊ नये. जर्सी नाइट, जर्सी जायंट हे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे नर वाण नावाजलेले आहेत, पण ते कडक हिवाळ्याच्या प्रदेशासाठी. आपल्याकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा यूसी १५७ हा संकरित वाण जास्त बरा. तो उष्ण हवेत टिकतो. मेरी वॉशिंग्टन हा जुना वाणही घरापुरता चालेल.

“थंडी नाही, म्हणजे येणारच नाही” हेही खरं नाही. पेरूच्या किनारी वाळवंटात बर्फ कुठला? तिथे हेच यूसी १५७ मोठ्या प्रमाणावर पिकतं. पाणी तोडून झाडाला विश्रांती देतात, वाळलेला पाला कापतात आणि पुन्हा पाणी सोडलं की कोंब फुटतात. थायलंडमध्ये काही दांडे वाढू देऊन बाकीचे कोंब तोडत राहतात. आपला खरा शत्रू जून ते सप्टेंबरचा पाऊस. पाणी साचलं की मुळांचा गड्डा कुजतो. गच्चीवर दीड फूट खोल ड्रम, तळाला भोकं, वाळूमिश्रित माती आणि पावसात वर छप्पर हवंच. वसईच्या किनाऱ्याकडे रेताड वाडी असलेल्यांनी विक्रीसाठी लावायचं ठरवलं, तर उंच गादीवाफ्यांवरच लावावं. पहिलं वर्ष कोंब तोडायचा मोह आवरावा. मुळांत साठा झाल्याशिवाय पुढचं पीक येत नाही.

पांढरा अ‍ॅस्परॅगस वेगळा वाण नव्हे, मातीने झाकून उजेड तोडलेला तोच कोंब. बारीक कोंब म्हणजे कोवळा, असंही नाही. जाडी वाणावर आणि गड्ड्याच्या ताकदीवर ठरते. जांभळा वाण शिजवल्यावर हिरवाच होतो. मिठाने पीक वाढतं, हाही भ्रम. ते खारी माती सोसतं, एवढंच. जुन्या युरोपात मीठ टाकत ते तण मारायला.

अ‍ॅस्परॅगस इथे जमतो, पण रुबार्ब या दुसऱ्या विदेशी भाजीचं मात्र सरळ सांगतो: बारमाही पीक म्हणून मिरा रोडला लावू नका. त्याच्या गड्ड्याला सुप्तावस्थेतून उठायला खरी थंडी लागते आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये तो मान टाकतो. हौसच असेल तर फ्लोरिडातल्या बागायतदारांसारखं व्हिक्टोरिया वाणाचं बी लावून एकाच हंगामाचं पीक घ्यावं. इथे ऑक्टोबरमध्ये पेरावं, उन्हाळा तापायच्या आत दांडे काढावेत. ते बारीकच निघतील. लाल दांडा गोड असतो म्हणून लाल वाण शोधत फिरण्यातही अर्थ नाही. रंगाचा गोडीशी संबंध नाही. आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी ही हिमालयातल्या भाऊबंदांची वाळकी मुळं, रेचक म्हणून वापरायची. ती पेरून काही उगवत नाही.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे: “अळूसारखी चिंच घालून शिजवली की रुबार्बची पानंही चालतात.” अजिबात नाही. त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल शिजवून जात नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ही पानं भाजी म्हणून खायचा सल्ला दिला गेला आणि विषबाधा झाल्या. खायचा तो फक्त दांडा. पान देठापासून कापून थेट खताच्या खड्ड्यात टाका.